गुरुवारच्या भाकरीचा मान

आमच्या ह्यांना कुनी दान दिलं की पयला फोटू काढायची खोड. दान देनारा मधी, पोरं दोन्ही अंगाला, आन् हे कडंला हात बांधून उभे. असले फोटू होस्टेलच्या भिंतीवर ओळीनं लावलेत. मी त्यावरची जळमटं काढते तवा मनात येतं, येवढी मानसं येऊन गेली, फोटूत हसली, आन् त्यातलं एक बी माघारी फिरून आलं न्हाई.

होस्टेल म्हनजे आमचीच गुरांची जुनी छपरी. हे बिनपगारी शाळेत मास्तर, नाव भागवत. दसरा झाला की आमच्या पाथर्डीकडची निम्मी मानसं ऊस तोडायला कारखान्यांवर जात्यात, बायका-पोरांसकट. पोर एकदा फडावर गेलं की त्याची शाळा मोडली. पोरगी असंल तर बारक्या भावंडाला सांभाळत पाचटाच्या कोपीत बसायचं, जरा मोठी झाली की मोळ्या उचलायच्या. म्हनून ह्यांनी पोरं ठेवून घ्यायला सुरवात केली. आधी पाच-सात, मंग वाढत वाढत चाळीसेक. मानसं पाडव्याला माघारी येईपतुर पोरं ह्यांच्या गळ्यात. ह्यांच्या कसली, माझ्याच गळ्यात. शिकवायला हे, खायला घालायला मी.

दान देनारे कसे असायचे ते सांगते. नगरहून कुनी पोराच्या वाढदिवसाला केक घेऊन यायचं. चाळीस पोरांत केक वाटला की बोटाला क्रीम लागायचं, पोट हाय तसंच. भिंगारचे एक रिटायर साहेब आले, बायकोच्या वर्षश्राद्धाची पंगत घातली, डोळ्याला रुमाल लावला, म्हनाले दर साली येईन. पुढल्या साली ह्यांनी फोन केला तर साहेबांनी दुसरं लगीन केलेलं. आता नवीच्या देखत जुनीची पंगत कोन घालील? मला हसू आलं. हे मात्र चार दिस तोंड पाडून बसले.

खरा टेकू हुता पुन्याच्या एका कारखानदाराचा. एक हंगाम सगळा त्यानंच पोसला. बोर्ड लावून घेतला, पोरांना टोप्या घालून शूटिंग केली. यंदा फोन लावला तर त्याचा मॅनेजर म्हनला, "यंदा आम्ही झाडं लावतोय."

"लावू द्या झाडं," मी ह्यांना म्हनलं. "आन् पोरं काय पाला खातील?"

तवर ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलत्या. पोरं आमच्या छपरीत आन् ज्वारीची कणगी तळाला. फडावरनं पोरांच्या आयबापांचे फोन यायला लागले. त्यांच्या कानावर गेलंच हुतं. पूजाचा बाप म्हनला, "मास्तर, जमत नसंल तर लाजू नका. गावाकडं ट्रॅक्टर येनार हाय, पोरं घेऊन जातो." ह्यांनी फोन माझ्याकडं दिला. मी म्हनलं, "ट्रॅक्टर घेऊन आलास तर चाकातली हवा सोडीन." फोन ठेवला आन् माझं मलाच रडू आलं. कारन पीठ दोन दिसाचं हुतं.

त्याच दिसांत नगरला एक शिबिर हुतं, दाते कसे टिकवायचे त्याचं. ह्यांनी मला बी नेलं. एश्टीतनं धक्के खात गेलो. शिकवनारा हर्षल नावाचा पुन्याचा पोरगा, गोड बोलनारा.

"एकदा दान मिळवणं सोपं असतं," तो म्हनला. "पुन्हा पुन्हा मिळवणं अवघड. दात्याला वाटलं पाहिजे की हे काम माझं आहे."

"तसं वाटावं म्हनून काय करायचं, दादा?" मी इचारलं.

"संपर्क, काकू. आभार माना, फोटो पाठवा, महिन्याला काहीतरी कळवत राहा."

हे माना डोलवत हुते. माघारी आल्यावर ह्यांनी भिंतीवरच्या सगळ्यांना मोबाईलवर पोरांचे फोटू धाडले. एकानं हात जोडल्याली खूण पाठवली, एकानं गुलाबाचं फूल. मी म्हनलं, "द्या, आता त्या गुलाबाचं पिठलं करते."

दुसऱ्या दिशी उसनं दळन घेऊन गिरनीवर निघाले, तर मारुतीच्या देवळाम्होरं ही गर्दी. मुक्ताबाईचा पोरगा कानिफनाथ आन् त्याचा चुलतभाऊ आबासाहेब, दोघांनी एकमेकाची गचांडी धरलेली. भैरोबाच्या जत्रंत देवाम्होरं पयली काठी नाचवायचा मान कुनाचा, यावरनं. ह्या दोन घरांत मी लगीन होऊन आले तवापासनं बोलनं न्हाई. लग्नाला जात न्हाईत, मयताला फकस्त जात्यात. दर साली जत्रंची बैठक बसली की हा तमाशा ठरल्याला.

मुक्ताबाई कमरंत वाकल्याली म्हातारी, पन आवाज असा की बैल उभा ऱ्हावा. काठी टेकीत मधी शिरली आन् म्हनली, "आबा, सोड त्याला. काठी सासऱ्यानं आमच्या घराला दिल्याली. पाऊस पडला न्हाई, घरात दाना नव्हता, तरी एक साल चुकली न्हाई. चुकली आसती तर तुझी. भैरोबाचा कायदाच हाय, चुकला त्याचा मान गेला."

आबासाहेबानं हात सोडला. मी डोक्यावर डबा घेऊन तिथंच थांबले. दळन मागं राह्यलं. माझ्या मनात एकच घोळाया लागलं, की दिल्यालं दान मानूस इसरतो, पन मिळाल्याला मान इसरत न्हाई.

सांजच्याला मुक्ताबाईच्या घरी गेले. तिनं बी आमाला एकदा दिलेलं. कानिफनाथ मोठ्या दुखन्यातनं उठला तवा पाटीभर भाकरी आनून पोरांना घातलेल्या. त्या एकदाच.

"मुक्ताआत्या, तुमी त्या साली पाटी आनली हुती."

"आनली हुती. मंग, पुना पायजे व्हय?"

"मागायला न्हाई आले. मान द्यायला आले."

म्हातारी वाती वळत हुती, तिचा हात थांबला. "कसला मान?"

"पोरांच्या भाकरीचा. आठवड्यातला एक वार एका घराचा. पयला वार तुमी धरा."

"कंचा?"

"गुरुवार."

गुरुवारी आमच्या गावचा बाजार. आजूबाजूच्या वाड्यांची मानसं रस्त्यावर असत्यात. पाटी घेऊन निघालं की समद्यांच्या नजरंसमोरनं जायचं. म्हातारीनं डोळं बारीक केलं आन् हसली.

"लई लबाड हायेस, मास्तरीन."

सून चुलीपाशी बसली हुती. निकिता तिचं नाव, माहेर नेवाशाकडचं, पाटाच्या पान्याखालचं. म्हातारी तिच्याकडं हनवटी करून म्हनली, "मी हाय तवर हाय. माझ्या माघारी ही थापील का येवढ्या? हिच्या भाकरी म्हंजी गवऱ्या." निकिता जाळ म्होरं सारत राह्यली. ती तशी कुनाशीच बोलायची न्हाई. गाव म्हनायचं, बागायतातल्या पोरीला आमच्या माळाची माया कशी लागावी.

सकाळी मुक्ताबाईनंच देवळात जाऊन डांगोरा पिटला. कायदा बी तिनंच सांगितला, काठीचाच. चुकला त्याचा मान गेला. दिवा लागायच्या टायमाला आबासाहेब आमच्या दारात. धिप्पाड गडी, मिशा भिजल्यागत खाली उतरल्या हुत्या.

"मास्तरीनबाई, गुरुवार आमाला का न्हाई?"

"गुरुवार गेला, आबासाहेब. शुक्रवार हाय."

"शुक्रवार घेतो. पन बाईचा गुरुवार चुकला की पयला मी. ध्यानात ठेव."

अशानं आठ दिसांत सगळे वार गेले. जी मानसं जुनी चादर द्यायची म्हनलं तर चार दिस इचार करायची, ती वारासाठी आमच्या दारात भांडाया लागली. मुक्ताबाईनं भाकरीसंगं ठेचा आनला म्हनून आबासाहेबाच्या बायकूनं पिठलं आनलं. त्यावर सोमवारवाल्यांनी शेंगदान्याची चटनी. पाटीवर झाकायची फडकी पांढरीशुभ्र धुऊन यायला लागली. पोरांची गालं वर आली. पूजाच्या बापाला मी सोताहून फोन लावला, "ट्रॅक्टर आनू नगंस, तुझी पोरगी आता तुला वळखायची न्हाई." तो हसला. फडावरचा वारा फोनमधनं ऐकू येत हुता.

ह्यांनी हर्षलला सांगितलं. तो तर खूशच झाला. "काकू, पुढच्या शिबिरात तुम्हीच बोला. दाते कसे टिकले ते सगळ्यांना कळू दे." मला बी जरा चढल्यागत झालं. खोटं का बोलू, मी आरशात बघून पदर कसा घ्यायचा ते सुदिक ठरवलं.

माघाच्या थंडीत मुक्ताबाईला खोकला लागला. खोकला कसला, आतनं कुनी पत्रा बडवावा तसा. तरी गुरुवारी डोक्यावर पाटी घेऊन यायचीच. बाजाराच्या मधनं, सावकाश, एका हातानं पाटी धरून, दुसऱ्या हातात काठी. तिच्या भाकरी बघाव्यात. पातळ, गोल, कागदागत, मधी फुगून बसल्याल्या. एकीवर एक ठेवली की काठाला काठ जुळायचा. मी एकदा म्हनलं, "आत्या, पाटी सुनंच्या डोक्यावर द्या की."

"द्यायचीच हाय. आजून दम हाय मला." मंग खोकली, दम घेतला, म्हनली, "भैरोबाला सांगून ठेवलंय, गुरुवार सोडून कवा बी ने." ती हसली, मी बी हसले.

त्या गुरुवारी पाटीला उशीर झाला. पोरं थाळ्या घेऊन ओळीत बसलेली, आमटी उकळून उकळून आटत आल्याली. मी दोनदा रस्त्यावर जाऊन आले. बाजार भरत हुता, मेथीच्या जुड्या सुटत हुत्या. मंग निकिता येताना दिसली. पाटी तिच्या डोक्यावर. पदर कपाळाखाली वढून दातात धरलेला.

"आत्या कुठं हायेत?" मी इचारलं.

"निजल्यात," ती म्हनली. "उठत न्हाईत."

आजारीच हुती म्हातारी, मला वावगं काय वाटलं न्हाई. पाटी उतरवून घेतली, फडकं काढलं. वरच्या भाकरी जाड, कुठं करपल्याल्या, कुठं काठ फाटल्याला. मी खाली हात घातला तर बुडाला पातळ, गोल, काठाला काठ जुळल्याल्या. दोन येगळ्या हातांच्या भाकरी हुत्या. आन् दोन्हींच्या मधी एक पातळच भाकरी, पन वरच्या अंगाला पांढरी पडून तडकल्याली, उन्हाळ्यातल्या तळ्यागत. भाकरी तव्यावर टाकली की वरनं पान्याचा हात फिरवावा लागतो. त्यो फिरवला न्हाई की अशी तडकती. मी मनात म्हनलं, म्हातारीचा हात आता चुकाया लागला. पोरांना तसली नको म्हनून ती मी माझ्या थाळीत टाकली.

निकिता गेली न्हाई. नेहमी पाटी देऊन लगी फिरायचं, पन ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राह्यली.

"जा की आता," मी म्हनलं. "आत्यांजवळ कोन हाय?"

"हे हायेत. पोरं जेवू द्या."

"जेवत्यात की."

"समदी जेवू द्या."

मला राग आला. म्हनलं, हिला आपल्या भाकरीचं कवतिक ऐकायचं असंल. मी बी थाळी घेऊन बसले, ठेच्यासंगं ती तडकल्याली भाकरी खाल्ली. शेवटच्या पोरानं थाळी चाटून ठेवली तवा निकितानं पदर दातातनं सोडला, वळली आन् चालाया लागली. पाटी तशीच राह्यली. मी मागनं हाक मारली, तिनं मागं बघितलं न्हाई. बाजारातनं चालत गेली, घाई न्हाई, काय न्हाई.

थाळ्या घासाया घेतल्या आन् तिच्या घराच्या अंगानं हंबरडा आला.

मी हात तसेच राखेचे घेऊन पळाले. अंगनात मानसं गोळा हुयाला लागली हुती. कानिफनाथ उंबऱ्यात बसला हुता, डोळं लाल, तोंड उघडं. आत बायकांनी म्हातारीला आंघोळीला घ्यायची तयारी केली. मी बी हात लावला. मांडीखाली हात घातला तर अंग ताठलं हुतं. आत्ता गेलेल्या मानसाचं अंग असं नसतं.

"ही पहाटंच गेलीया," आंघोळ घालनारी म्हातारी हळूच म्हनली.

मी तिचा उजवा हात धुवाया घेतला. बोटांच्या बेचक्यांत, बांगड्यांच्या खाली, नखांत, समदीकडं ज्वारीचं पीठ वाळून बसलं हुतं. गरम पानी सोडलं तवा ते मऊ झालं आन् माझ्या हाताला लागलं. मी बघतच राह्यले. बुडाच्या भाकरी ह्या हाताच्या. चाळीस पोरांनी खाल्ल्या. मी खाल्ली.

मी भिंतीला धरून भायेर आले. कानिफनाथ कुनाला तरी सांगत हुता, "रातभर लाइट हुती म्हनून मी रानात पानी द्यायला गेल्तो. माघारी आलो तर आई अशी. निकिता म्हनली, आईचा शब्द हाय, पाटी गेल्याबिगर कुनी रडायचं न्हाई. मी दारात बसून राह्यलो. दूधवाला आला, त्याला म्हनलो आई निजलीया." आन् मंग त्याला रडू फुटलं.

तेवढ्यात गावभर झालं. कुनी हात जोडले, म्हनलं अशी बाई हुनं न्हाई, मरताना बी मान सोडला न्हाई. कुनी कानावर हात ठेवले. सुतकातलं अन्न लेकरांना घातलं, आता लेकरांचं काय हुईल? आमच्या ह्यांचा चेहरा पांढराफटक. मी चुलीवर मोठं भगुनं चढवलं आन् सगळ्या पोरांना न्हाऊ घातलं. न्हाऊ घालून काय हुतं मला ठाऊक न्हाई, पन हाताला काम पायजे हुतं. पूजा डोक्यावर पानी घेता घेता म्हनली, "मामी, आजी मेली हुती तर तिनं भाकरी कशी पाठवली?"

मी तिच्या डोक्यावर तांब्या वतत राह्यले.

शुक्रवार उजाडला. चुलीवर आमटी ठेवली आन् वाट बघत बसले. आबासाहेबाची पाटी यायच्या टायमाला आबासाहेब सोताच आला, रिकाम्या हातानं. कुंपनाच्या भायेर उभा राह्यला, आत पाऊल टाकलं न्हाई.

"शुक्रवार चुकला, मास्तरीनबाई."

मला आधी उमजलंच न्हाई. मंग ध्यानात आलं. बोलनं नसलं म्हनून काय झालं, भावकी ती भावकी. चुलतीचं सुतक त्याला बी लागलं हुतं. त्याच्या घरच्या चुलीवरची भाकरी बी दहा दिस कुनाला चालायची न्हाई. ज्या बाईचा गुरुवार चुकायची तो वाट बघत हुता, ती गेली ती त्याचा बी वार घेऊन गेली. आन् निम्मं गाव त्यांचीच भावकी. सोमवार त्यांचा, मंगळवार त्यांचा.

"मान गेला का आमचा?" येवढा मोठा गडी, पन शाळेतल्या पोरागत इचारत हुता. मंग सोताच म्हनला, "माझा जाऊ दे. काकीचा पुढला गुरुवार चुकंल. तो चुकल्याला धरू नको."

तो गेला. हे आत येऊन बसले, हातात मोबाईल. "पूजाच्या बापाला लावू का?" म्हनाले. "दहा दिवस कसे काढणार? नेऊ देत पोरं."

तेवढ्यात फोन वाजला. हर्षल. "काकू, शिबिराची तारीख ठरली. दाते कायमचे कसे जोडले, एवढंच सांगायचं." माझ्या नखात आजून पीठ हाय असं मला वाटत हुतं, मी एका हाताचं नख दुसऱ्या हाताच्या नखानं कोरत हुते. फोन बंद केला.

दारात कुनीतरी उभं हुतं. स्टेला. चर्चच्या अंगाला ख्रिस्ती मानसांची चार घरं हायेत, त्यातली. तिचा नवरा डेव्हिड टेम्पो चालवतो. डोक्यावर पाटी.

"उतरव," ती म्हनली.

मी उठले, पन हात म्होरं गेले न्हाईत.

"वार वाटत हुतीस तवा आमच्या दारावरनं चारदा गेलीस, मास्तरीनबाई. मी अंगनातच हुते. इचारलं न्हाईस."

ते खरं हुतं. मनात सुदिक आलं नव्हतं, आन् त्याचीच मला जास्त लाज वाटली. माझी मान खाली गेली.

"आमी सुतक पाळत न्हाई," ती म्हनली. "आमची चार घरं मिळून दहा दिस थापतो. पोरांना चालतंय, मला म्हाईत हाय. तुला चालतंय का?"

मी पाटी उतरवून घेतली. भाकरी अजून गरम हुत्या. तिला बस म्हनलं, ती बसली न्हाई.

गावात कुजबूज झालीच. पन आबासाहेबच सुतकातल्या सुतकात देवळाच्या पायरीखाली उभा राहून म्हनला, "लेकरं उपाशी ठेवून ज्याला कुजबुजायचंय त्यानं माझ्याम्होरं येऊन बोलावं." त्याच्याम्होरं कोन येनार? पोरं जेवत राह्यली. पूजाच्या बापाला फोन केला न्हाई.

बुधवारी स्टेला म्हनली, "उद्या गुरुवार. भाकरी मी टाकून होस्टेलवर आनते. पन वार त्यांचाच हाय. पाटी त्यांच्या दारातनं ने, समद्यांच्या म्होरनं. तुला तर सुतक न्हाई."

गुरुवारी म्हातारीची पाटी घासून घेतली, फडकं धुऊन घेतलं आन् तिच्या घरी गेले. ज्या जागी ती गेली तिथं, चुलीपाशी, जमिनीवर पीठ पसरून दिवा ठेवला हुता. कानिफनाथ भायेर मानसांत. निकिता दिव्याच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसल्याली, कपाळावरचा पदर मागं सारल्याला. मी पाटी खाली ठेवली. जे समदं गाव बोलत हुतं तेच मी बोलले.

"आत्यांनी मरताना शब्द घेतला, तू पाळलास. लई मोठं काम केलंस, बाई."

तिनं दिव्याची वात म्होरं सारली.

"त्या काय बोलल्या न्हाईत," ती म्हनली.

"कोन?"

"आत्या. कसला शब्द न् कसलं काय. ह्यांना मीच तसं सांगितलं, नायतर ह्यांनी तवाच गाव गोळा केला आसता." तिचा आवाज हळू हुता, पन सरळ. "त्यांनी तव्यावर भाकरी टाकली. पान्यात हात घालाया वाकल्या आन् तशाच पिठाच्या काथवटीवर कलंडल्या. मी हाक मारली. हलवलं. नाकाला बोट लावून बघितलं. तवर तव्यावरची भाकरी तडकाया लागली. पानी लावायचं राह्यलं हुतं तिला."

"मंग?"

"मी उलथली."

"आन् मंग?"

"मंग त्यांना उचलून आत निजवलं, वाकळ घातली. आन् दुसरी थापली. पीठ मळल्यालं हुतं."

ती तडकल्याली भाकरी माझ्या तोंडात आल्यागत झालं. मी खाल्ली हुती ती, ठेच्यासंगं. खाता खाता म्हातारीला मनात हसले हुते. आन् ही चौकटीला टेकून मी खाताना बघत हुती.

"मास्तरीनबाई," निकिता म्हनली. "माझ्या जाड झाल्या हुत्या. पोरांनी खाल्ल्या का टाकल्या?"

"समद्या खाल्ल्या. एक बी उरली न्हाई."

तवा ती रडली. मयताच्या दिशी बायकांत बसून रडली हुती ती येगळी, ही येगळी. तोंडात पदर कोंबून, हुंदका दाबून, पोटातनं हलत. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. दान देनारा टिकायला पायजे म्हनून मी दारोदार फिरले. अशी टिकनारी ह्या चुलीपाशी बसली हुती आन् तिचं नाव एकदा बी माझ्या तोंडात आलं नव्हतं.

भायेर बाजाराचा गलका वाढला. निकितानं डोळं पुसले, उठली. सुतकात तिनं पाटीला शिवायचं न्हाई, म्हनून ती दारापतुर नुसती माझ्या मागनं आली. मी पाटी डोक्यावर घेतली, फडकं नीट केलं आन् पायरी उतरले. भाजीवाल्यांनी वाट दिली. आबासाहेब कोपऱ्यावर उभा हुता, त्यानं टोपी काढली.

पाटी रिकामीच हुती. तरी मी ती दोन्ही हातांनी धरली हुती.